एकतीस नंबरचं मशीन

कॉलेजात तिला सगळे ताई म्हणायचे. प्राचार्य तिच्याहून अठरा वर्षांनी मोठे, तेही म्हणायचे. ती कॉम्प्युटर लॅबमध्ये कामाला लागली तेव्हा धाकट्या बहिणीला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. शाळा सुटली की बहीण थेट लॅबमध्ये यायची, कोपऱ्यातलं टेबल पकडायची आणि "ताई, भूक लागली", "ताई, हे काय लिहिलंय", "ताई, घरी कधी जायचं" असा धोशा लावायची. महिनाभरात मुलं ताई म्हणायला लागली, मग शिपाई, मग ऑफिसातले कारकून. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

बहिणीचं घरातलं नाव टिकली. खेळण्यातल्या बंदुकीत घालतात ती टिकली. वडिलांनी ठेवलेलं. ती रडायची नाही, तडतडायची, असं ते सांगायचे. वडील लांब पल्ल्याची बस चालवायचे, आठवड्यातले चार दिवस बाहेर. आई गेली तेव्हा टिकली सात वर्षांची होती आणि ताई सतराची. त्यामुळे टिकलीची वेणी घालणं, तिचा गृहपाठ, तिचे ताप, तिची भांडणं हे सगळं ताईच्याच वाट्याला आलं. पुढे वडीलही गेले. आता टिकली सत्ताविसावं संपवत आली होती, ताई सदतीस वर्षांची, आणि दोघी एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होत्या. तिथून कॉलेज चालत दहा मिनिटांवर.

टिकलीला विमानं उतरवायची होती. चालवायची नव्हती. विमानतळाच्या मनोऱ्यात बसून कुठलं विमान आधी उतरेल, कुठलं थांबेल, हे सांगायचं होतं. "उडवायला काय, कुणीही उडवेल," ती म्हणायची. "खाली आणणारं माणूस लागतं." त्या कामाची परीक्षा वर्षातून एकदाच व्हायची आणि सत्तावीस पूर्ण झाली की दार बंद. पहिल्या खेपेला ती पाच गुणांनी हुकली. दुसऱ्या खेपेला केंद्र चार तासांवरच्या गावात आलं. वाटेत बस बंद पडली, शेवटचे दोन किलोमीटर ती चपला हातात घेऊन पळाली आणि घामाघूम होऊन खुर्चीत बसली. तेव्हा दोन गुण कमी पडले.

ही तिसरी खेप, आणि शेवटची. वर्षभर घरात दुसरा विषय नव्हता. स्वयंपाक करतानासुद्धा टिकलीचा सराव चालायचा. "वाटी, तुम्ही थांबा. पातेलं उतरतंय. झाकण, तुम्हाला कुणी परवानगी दिली?" ताई चहाचा कप घेऊन आत आली की हुकूम सुटायचा, "कप, डावीकडे वळा. उंची कमी करा." ताई कप तिच्या डोक्यावर टेकवायची आणि म्हणायची, "उतरलं बघ विमान. पी आता."

प्रवेशपत्र आलं. टिकलीने फोनवर ते उघडलं आणि तशीच बघत राहिली. केंद्र म्हणजे ताईचंच कॉलेज. ताईचीच लॅब.

"ताई, आता?"

"आता काय? बरं झालं की. उठायचं, जेवायचं, चालत जायचं. बसबिस काही भानगड नाही."

"तसं नाही गं. तू कागदावर सही केलीयस ना, माझं कुणी नातेवाईक इथे परीक्षेला नाही म्हणून?"

ताईने केली होती, दोन महिन्यांपूर्वी. परीक्षा घेणारी संस्था दरवर्षी केंद्रावरच्या प्रत्येकाकडून तसं लिहून घ्यायची. तेव्हा कुणाचं केंद्र कुठे येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आता मात्र नियमाप्रमाणे दोघींनीही सात दिवसांत कळवायला हवं होतं.

"कळवून टाक," टिकली म्हणाली. "फार तर माझं केंद्र बदलतील. मी आदल्या दिवशीच जाऊन राहीन."

"आणि पुन्हा कुठल्यातरी आडगावात टाकलं तर? तुला बसमध्ये ताटकळत ठेवून मी इथे बसू? काही कळवायचं नाही. मी तुझ्याकडे ढुंकूनसुद्धा बघणार नाही. पेपर काय मी सोडवणार आहे का?"

"बघ बाई," टिकली म्हणाली. तो विषय तिथेच संपला.

ताईचं काम काय ते सांगायला हवं. लॅबमध्ये अठ्ठेचाळीस मशीनं होती. एरवी कुठल्याही मशीनला नेटवर्कवर कुठलाही पत्ता मिळाला तरी कुणाचं काही अडायचं नाही. मशीन चालू झालं की ते पत्ता मागायचं आणि सर्व्हर मोकळ्या पत्त्यांतला एखादा देऊन टाकायचा. परीक्षेच्या दिवशी असं चालत नसे. पेपर आसनाला बांधलेला असायचा आणि आसन पत्त्याला. एकतीस नंबरच्या आसनाला एकतीस नंबरचाच पत्ता मिळायला हवा. त्यासाठी प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डावर कारखान्यात कोरलेला बारा अक्षरांचा नंबर ताई सर्व्हरच्या यादीत भरायची आणि समोर लिहायची, हा नंबर दिसला की हा पत्ता द्यायचा. बाराही अक्षरं म्हणजे शून्य ते नऊ आकडे आणि इंग्रजी ए ते एफ यांची खिचडी. गेली नऊ वर्षं ही यादी ती स्वतः भरत होती आणि एकदाही चुकली नव्हती. यादी भरली की ती प्रत्येक मशीनसमोर जाऊन बसायची, त्याला मिळालेला पत्ता पडद्यावर उघडायची, कागदावरच्या पत्त्याशी ताडून बघायची आणि मगच टिकमार्क करायची. या सगळ्याला दीड तास लागायचा. शिपाई म्हणायचा, "ताई, हजेरी घेताय का मशीनची?"

परीक्षेच्या पाच दिवस आधी एकतीस नंबरचं कार्ड बंद पडलं. ताईने नवं बसवलं, त्याच्यावरच्या चिकटपट्टीवरचा नंबर वाचला आणि जुन्याच्या जागी यादीत भरला. पट्टी छोटी होती, छपाई फिकट होती. नवव्या जागी इंग्रजी बी होता. तिने आठचा आकडा भरला.

ही चूक आदल्या दिवशीच्या तपासणीत सापडली असती. त्या दिवशी ती दुपारी तपासणीला बसली, चोविसाव्या मशीनपर्यंत आली आणि फोन वाजला.

"ताई, तू केव्हा येतेयस?" टिकलीचा आवाज लहान झाला होता. "मला काही आठवतच नाहीये. सगळं पुसल्यासारखं झालंय."

"घाबरू नकोस. आलेच."

ताईने घड्याळ बघितलं. राहिलेल्या मशीनांसमोर ती बसली नाही. रांगेतून चालत गेली, प्रत्येकावर नेटवर्कचा हिरवा दिवा लागलाय ना आणि परीक्षेचं पान उघडतंय ना, एवढं उभ्याउभ्याच बघितलं. एकतीसवरही दिवा हिरवा होता आणि पानही उघडत होतं. कारण यादीत त्याचा नंबर सापडला नाही तेव्हा सर्व्हरने त्याला मोकळ्या पत्त्यांतला एक देऊन टाकला होता. पडद्यावर पत्ता उघडला असता तर तो चुकीचा आहे हे तिला एका नजरेत कळलं असतं.

ती घरी गेली. टिकलीच्या पायाला तेल लावलं, तिला जेवायला घातलं, आई गेल्यानंतर जशी थोपटायची तशी पाठीवर थोपटत बसली. टिकली झोपली. ताईला त्या संध्याकाळी फार समाधान वाटलं होतं, हे तिने पुढे स्वतःच सांगितलं. वाटलं, आपण सगळं नीट केलं.

सकाळी दोघी दहा मिनिटांच्या अंतराने निघाल्या. संस्थेकडून आलेले निरीक्षक साठीच्या घरातले, शांत गृहस्थ होते. पाय दुखत असावेत, कॅनव्हासचे बूट घालून आले होते. साडेनऊला त्यांच्यासमोर ताईने मोकळ्या पत्त्यांचं वाटप बंद केलं, म्हणजे बाहेरचं एकही मशीन आत शिरायला नको. मग निरीक्षकांनी सर्व्हरचा पासवर्ड बदलला, लिफाफ्यात घातला आणि लिफाफ्यावर सील लावलं. आता यादीला हात लावायचा तर मुख्य कार्यालयातून परवानगी घेऊन सील फोडायला लागणार होतं.

त्याच वेळी कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी आसनं वाटून दिली. टिकलीला एकतीस मिळालं.

पावणेदहाला पर्यवेक्षक बाईंनी हाक मारली. "ताई, हे एकतीस बघा ना जरा. नेटवर्क नाही म्हणतंय."

ताई लगबगीने गेली आणि तीन पावलांवर थबकली. खुर्चीत टिकली होती. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ. तिने वर बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "ताई, बघ ना गं."

खोलीतल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. या इमारतीत सगळेच तिला ताई म्हणत होते. पण ताईला वाटलं, झालं, सगळ्यांना कळलं. ती म्हणाली, "थांबा जरा. तुम्ही कीबोर्डला हात लावू नका."

टिकलीचा चेहरा क्षणभर कोरा झाला. सत्तावीस वर्षांत ताईने तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं, चेष्टेतसुद्धा.

ताई सर्व्हरच्या खोलीत गेली. तिथल्या पडद्यावर दर काही सेकंदांनी एक ओळ उमटत होती. अमुक नंबरचं कार्ड पत्ता मागतंय. यादीत नाही. पत्ता दिला नाही. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तेच उत्तर. ताईने कार्डाचा नंबर वाचला, आपल्या कागदावरचा वाचला आणि नवव्या अक्षरावर तिचं बोट थांबलं. दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची होती, पण पासवर्ड लिफाफ्यात होता.

दुसरा रस्ताही होता, आणि तो तिच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस ही दोन मशीनं राखीव ठेवलेली असत, चालू, तपासलेली. एखादं आसन बिघडलं की केंद्राच्या तंत्रज्ञाने एक चिठ्ठी भरायची आणि उमेदवाराला तिथे हलवायचं. गेल्या वर्षी तिने एका मुलाला असंच हलवलं होतं. दोन मिनिटंही लागली नव्हती.

तिने चिठ्ठ्यांचं पुस्तक उघडलं. चिठ्ठीवर उमेदवाराचं पूर्ण नाव लिहायचं होतं आणि खाली तंत्रज्ञाची पूर्ण नावानिशी सही. वडिलांचं नाव आणि आडनाव, एकाखाली एक, दोनदा. सील फोडायच्या अर्जावर मात्र फक्त मशीनचा नंबर लागायचा.

तिने पुस्तक मिटलं आणि निरीक्षकांकडे गेली.

"सर, एकतीसच्या नोंदीत चूक आहे. माझ्याकडून झालीय. सील फोडायला लागेल."

"मुलीला दुसरीकडे नाही का बसवता येणार? ती दोन रिकामीच दिसतायत."

"पाच मिनिटांचं काम आहे, सर," ताई म्हणाली. "इथेच होऊन जाईल."

मुख्य कार्यालयाचा फोन लागेना. देशभरातल्या सगळ्या केंद्रांचे फोन त्याच वेळी तिथे जात असणार. दहा वाजले. घंटा झाली आणि पंचेचाळीस कीबोर्ड एकदम वाजू लागले. निरीक्षक पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होते. दारातून ताईला टिकलीची पाठ दिसत होती. काळ्या पडद्यासमोर ती हलली नाही, रडली नाही, मागे वळून बघितलं नाही. एकदा फक्त तिने पाण्याची बाटली उचलली आणि न पिताच खाली ठेवली.

दहा वाजून तेरा मिनिटांनी ताई पुन्हा त्या पुस्तकापाशी गेली. पण आता हलवलं तर आधी का नाही हलवलं, असं विचारतील. ती परत दाराशी येऊन उभी राहिली.

दहा वाजून चोवीस मिनिटांनी परवानगी आली. निरीक्षकांनी लिफाफा फोडला, ताईने आठ खोडून बी लिहिला, एकतीसला त्याचा पत्ता मिळाला. टिकलीच्या पडद्यावर पहिला प्रश्न आला तेव्हा दहा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. पेपर दोन तासांचा, आणि बाराला सर्व्हर सगळ्यांचाच पेपर बंद करणार होता.

पेपर सुटल्यावर निरीक्षक ताईशेजारी येऊन बसले. "त्या मुलीचं वाईट वाटतंय हो मला. मी माझ्या अहवालात लिहितोच. तुम्हीही सविस्तर निवेदन द्या, चूक केंद्राची होती म्हणून. अशा वेळी परत पेपर घेतात. दोनदा बघितलंय मी."

त्यांनी छापील नमुना पुढे सरकवला. काय घडलं, कशामुळे घडलं, कुणाच्या हातून. ताईने सगळं लिहिलं. फिकट पट्टी लिहिली, आठ आणि बी लिहिलं, निम्मी तपासणी उभ्याउभ्या केली तेही लिहिलं. शेवटच्या ओळीत छापलं होतं, 'बाधित उमेदवाराशी आपले नाते असल्यास नमूद करावे.' ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसली. सकाळपासून ती घाबरत आली होती आणि घाबरून घाबरून तिने पोरीची सव्वीस मिनिटं घालवली होती. आता पुन्हा लपवायला हात धजेना. आणि मनात अशीही एक वेडी आशा होती की सगळं खरंखुरं सांगितलं तर समोरचा माणूस समजून घेतो. तिने लिहिलं, 'सख्खी बहीण.'

निरीक्षकांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं, ताई," ते म्हणाले. तेसुद्धा दोन तासांत ताईच म्हणायला लागले होते. मग हळूच म्हणाले, "हा कागद मला पाठवावाच लागेल."

घरी पोचली तेव्हा टिकली जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा थकलेला, पण डोळ्यांत अजून धुगधुगी होती.

"मी वेड्यासारखी सोडवत सुटले गं," ती म्हणाली. "शेवटचे सात राहिले. पण बाकीचे... मला वाटतंय बरोबर आलेत. काय सांगावं, होईलही."

ताई तिच्याजवळ बसली. निवेदनाचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात टिकली म्हणाली, "एक विचारू? मागे दोन मशीनं रिकामी होती ना?"

"हो."

"ती चालू नव्हती?"

"चालू होती."

"मग?"

खालच्या दुकानातून शिवणयंत्राचा आवाज येत होता. टिकली तिच्याकडे बघत राहिली. मग तिने सावकाश विचारलं, "माझ्या जागी दुसरी कुणी मुलगी असती तर?"

"हलवली असती."

"लगेच?"

"लगेच."

टिकली उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. आपटलं नाही. तडतडली असती तर ताईला बरं वाटलं असतं.

निवेदनाची गोष्ट ताईने दुसऱ्या दिवशी सांगितली. टिकलीने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मला विचारायचं तरी."

सहा आठवड्यांनी निकाल लागला. यादीत टिकलीचा नंबर नव्हता, पण नापासांतही नव्हता. समोर 'निर्णय राखीव' असं होतं. त्याच आठवड्यात दोघींना चौकशी समितीचं बोलावणं आलं.

मोठ्या शहरातली काचेची इमारत, सातवा मजला, लांब टेबल. पलीकडे तीन माणसं. मधले अध्यक्ष, एका बाजूला फायली घेऊन बसलेल्या एक वयस्क बाई, दुसऱ्या बाजूला टिपणं घेणारा एक जण. कुणी आवाज चढवला नाही. पाणी विचारलं, बसायला सांगितलं.

अध्यक्षांनी आधी ताईला विचारलं. तिने सगळं कबूल केलं. मग ते टिकलीकडे वळले. "केंद्रावर तुमची बहीण काम करते, हे कळवायला हवं हे तुम्हाला माहीत होतं?"

टिकली एक शब्द बोलली असती, 'नाही', तर कदाचित सुटली असती. प्रश्न विचारणाऱ्यालाही तेच उत्तर हवं असावं, इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं होतं. टिकली गप्प होती. ताईला ते सहन झालं नाही.

"साहेब, तिची काही चूक नाही," ती मधेच बोलली. "तिने मला सांगितलं होतं, कळवून टाक म्हणून. दूरचं केंद्र चालेल म्हणाली होती. मीच नाही ऐकलं तिचं."

टिपणं घेणाऱ्याचं पेन चालू लागलं. अध्यक्षांनी डोळे मिटले आणि उघडले.

"म्हणजे त्यांना माहीत होतं," ते म्हणाले.

टिकलीने मान वळवून ताईकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. ताईला नंतर वर्षभर ती नजर दिसत राहिली.

अर्ध्या तासाने परत आत बोलावलं. फायली घेतलेल्या बाईंनी निर्णय वाचला. ताईचं परीक्षेचं काम कायमचं काढून घेतलं होतं, कॉलेजचं केंद्र तीन वर्षांसाठी बंद केलं होतं, आणि उमेदवाराने माहिती दडवल्यामुळे तिची उमेदवारी रद्द केली होती. फाईल मिटता मिटता त्या थांबल्या. बहुधा त्यांना वाटलं, मुलीला हे कळायला हवं. किंवा नियमच असेल. "मिळालेले गुण एकशे एकेचाळीस," त्या म्हणाल्या. "निवडीसाठी लागत होते एकशे अडतीस."

टिकलीने ओठ हलवून तो आकडा एकदा म्हटला. मग उठून "थँक यू, मॅडम" म्हणाली आणि बाहेर गेली.

लिफ्टसाठी ती थांबली नाही. जिन्याने उतरायला लागली. ताई तिच्यामागून उतरत होती, कठड्याला धरून. दुसऱ्या मजल्यावर टिकली पायरीवर बसली आणि तिला रडू फुटलं. लहान मुलासारखं, श्वास अडकवून. ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. टिकलीने तो उचलून बाजूला केला. झिडकारला नाही, हळूच उचलला.

"मी पास झाले होते," ती म्हणाली. "तेवढ्या वेळात. तू काही केलं नसतंस ना, ताई, काहीच केलं नसतंस, तरी मी पास झाले होते."

"मला वाटलं, परत पेपर देतील. तुला पूर्ण वेळ मिळेल."

"तुला वाटलं. केंद्र जवळ हवं, हे तुला वाटलं. सांगायचं नाही, तेही तुला वाटलं. हलवायचं नाही, लिहून द्यायचं... आणि आत्ता आत. अगं, मी गप्प बसले होते ना? मी काहीतरी बोलणारच होते ना? तेवढंही तू मला बोलू दिलं नाहीस."

"टिकले, मी..."

"माहितीये मला. सगळं माझ्यासाठीच केलंस. म्हणून तर मला तुला काही बोलतासुद्धा येत नाही." तिने ओढणीने तोंड पुसलं. "आता घरी जाईपर्यंत माझ्याशी बोलू नकोस. प्लीज."

परतीच्या चार तासांच्या प्रवासात दोघी शेजारी बसल्या होत्या. टिकली खिडकीशी. बाहेर शेतं, गोदामं, पेट्रोल पंप सरकत होते. ताईने दोनदा पाण्याची बाटली पुढे केली, दोन्ही वेळा टिकलीने घेतली, प्यायली आणि परत दिली.

पुढच्या महिन्यात टिकलीला दुसऱ्या शहरात एका मालवाहतूक कंपनीत काम मिळालं. ट्रक कुठे पोचले याची नोंद ठेवायची आणि ड्रायव्हरांना फोन करायचे. ती भांडून गेली नाही. सामान आवरलं, ताईच्या पाया पडली, पोचल्यावर फोन केला. नंतर दर रविवारी फोन यायचा. जेवलीस का, बरी आहेस ना, हवा कशी आहे. पाच-सहा मिनिटं. आधी ऑफिसातल्या कुठल्या बाईने कुठला आंबट चेहरा केला हेसुद्धा टिकली तासभर साभिनय सांगायची. आता ताई विचारायची, "काम कसं चाललंय?" आणि टिकली म्हणायची, "छान."

ताईची कॉलेजातली नोकरी राहिली. लॅबही तिच्याकडेच होती. परीक्षा बंद झाल्यामुळे यादीची गरज उरली नव्हती. मशीनं आपापला मोकळा पत्ता घेत होती आणि सगळं व्यवस्थित चालत होतं. कधीतरी प्राचार्य वाकून बघायचे, "काय ताई, आता जरा आराम ना?" ती हसून मान डोलवायची. गेल्या नऊ वर्षांतले टिकमार्कचे सगळे कागद तिच्या कपाटात होते. एका दुपारी तिने ते काढले आणि शेवटचा वाचला. चोविसाव्या ओळीपर्यंत टिकमार्क ठळक, एकेक वेगळे. पुढे एकच लांब रेघ, वरून खालपर्यंत ओढलेली. तिने कागद परत ठेवून दिले.

अकरा महिन्यांनी टिकली एका रात्रीपुरती आली. तिला जुनी प्रमाणपत्रं हवी होती, कंपनीत बढतीसाठी. केस कापले होते, थोडी बारीक झाली होती. ताईने सकाळपासून स्वयंपाक केला होता. टिकलीने सगळं खाल्लं, चांगलं झालंय म्हणाली, आपलं ताट आपण घासून ठेवलं.

झोपायच्या आधी ताईने धीर केला. अकरा महिने ती हे वाक्य मनात जुळवत होती. "टिकले, माझं चुकलं. सगळंच चुकलं. तुझा राग रास्त आहे. पण किती दिवस धरणार आहेस?"

टिकली उशीला अभ्रा घालत होती. ती थांबली. जराशाने म्हणाली, "मला राग नाहीये गं. खरंच नाहीये. पहिले काही महिने होता. रोज मनात तुझ्याशी भांडायचे. मग एक दिवस लक्षात आलं, भांडण बंद झालंय." ती शब्द शोधत होती. "तू माझी ताईच आहेस. पण आता काही झालं ना, तर तुला सांगावंसं वाटत नाही. भीती वाटते. तू परत माझ्यासाठी काहीतरी करशील म्हणून."

ताईने मान हलवली. कळलं, अशा अर्थाने. दिवा मालवला.

सकाळी सातची गाडी होती. ताई स्टँडपर्यंत गेली, बॅग तिनेच धरली. गाडी सुटायला चार मिनिटं होती. टिकली म्हणाली, "जा तू आता, तुला कॉलेजला उशीर होईल." "जाते," ताई म्हणाली आणि गाडी सुटेपर्यंत उभी राहिली. टिकलीने खिडकीतून हात हलवला.

ताई घरी परत आली, कॉलेजला जाण्याआधी आतली खोली आवरायला गेली. या घरात टिकलीने वीस वर्षांत कधी स्वतःचं अंथरूण काढलं नव्हतं. ताई ओरडायची, ती पसारा तसाच टाकून पळायची. आज चादरीची टोकाला टोक जुळवून घडी केलेली होती. त्यावर उशी, उशीवर काल धुतलेल्या टॉवेलची घडी. पाहुणे जाताना ठेवून जातात तशी.

ताई पलंगाच्या कडेला बसली. कॉलेजची वेळ टळून गेली तरी उठली नाही.